लाल ठोकळा दिसत नाही

मी ठोकळा आहे. लाकडाचा, दोन इंचांचा, सहाही बाजूंनी सारखा, रंगाने लाल. एखादा माणूस मख्ख चेहऱ्याने बसला की तुम्ही म्हणता, ‘नुसता ठोकळा आहे.’ मला त्याचा राग येत नाही. मख्ख बसणाऱ्याला बघायला भरपूर मिळतं, आणि मी जे बघितलंय तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म एका विद्यापीठाच्या दुरुस्ती विभागात झाला. कुठल्यातरी वर्गातल्या बाकाचा पाय मोडला होता. त्या पायातून तिथल्या सुताराने आम्ही तिघं कापून काढले: मी, निळा आणि पिवळा. संगणक विभागाच्या सरांनी आम्हाला बनवायला सांगितलं होतं.

“नातवासाठी का सर?” सुताराने विचारलं.

“नाही हो. एम. टेक.च्या मुलांसाठी.”

सुताराने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. “असू दे, असू दे,” तो समजुतीने म्हणाला. “कडा जरा गोल करतो. लागायला नको कुणाला.”

सर मुलांना शिकवायचे ते असं, की यंत्राने विचार कसा करायचा. म्हणजे एखादं काम सांगितलं तर आधी काय, मग काय, हे यंत्राने स्वतःचं स्वतः कसं ठरवायचं. विषय एवढा मोठा, आणि त्याची सुरुवात व्हायची आमच्यापासून. मला त्याचा थोडा गर्व होता, आता खोटं कशाला बोलू?

दरवर्षी पहिल्या तासाला सर आम्हाला टेबलावर मांडायचे. पिवळा माझ्या डोक्यावर, निळा शेजारी. मग म्हणायचे, “दोन इच्छा आहेत. लाल निळ्यावर बसला पाहिजे आणि निळा पिवळ्यावर. हात एक, एका वेळी उचलायचा ठोकळा एक. कोण येतंय?”

त्या वर्षी सगळ्यात आधी आला तो पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा. सगळे त्याला ‘सुपरफास्ट’ म्हणायचे. त्याने पिवळा उतरवला, मला उचलून निळ्यावर ठेवलं आणि हात झटकले. “एक इच्छा पूर्ण.”

“आता दुसरी,” सर म्हणाले. “निळा पिवळ्यावर.”

सुपरफास्टने निळ्याला हात घातला. निळ्याच्या डोक्यावर मी. त्याने आम्हाला दोघांना एकदमच उचललं.

“एकच, एकच,” सर म्हणाले.

त्याने मला परत खाली ठेवलं. वर्ग हसला.

“म्हणजे दुसरं करायला पहिलं मोडलंत,” सर म्हणाले. “घाईघाईने एकेक इच्छा पुरवत गेलं की असं होतं. अजून कोण?”

कोणीच उठेना. तेव्हा सरांनी शेवटच्या बाकावरच्या मुलीला बोलावलं. तिच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. बोटातली अंगठी सैल होती आणि ती सारखी अंगठ्याने फिरवायची. बोलायची इतकं कमी की वर्गात तिचं नाव ‘मौनी’ पडलं होतं. मौनी पुढे आली आणि नुसती बघत उभी राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. मागून कोणीतरी खोकलं. मग तिने पिवळा उतरवला, निळा पिवळ्यावर ठेवला, मला निळ्यावर ठेवलं, आणि जागेवर जाऊन बसली.

“हिने हात लावायच्या आधी शेवटापर्यंत जाऊन पाहिलं,” सर म्हणाले. “ह्याला नियोजन म्हणतात.”

मौनीने अंगठी फिरवली. तेवढंच.

वर्ष संपताना प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. मौनीने ठरवलं, कॅमेऱ्याने एकदा आमचा फोटो घ्यायचा, त्यावरून यंत्राने शेवटापर्यंतचे सगळे टप्पे ठरवायचे आणि मग एका छोट्या यांत्रिक हाताने ते बिनचूक पार पाडायचे. प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर तिने लिहिलं होतं: ‘या जगात बदल फक्त यंत्राच्या हाताने होतो, असे गृहीत धरले आहे.’ सगळेच असं लिहायचे. पुस्तकांतही तसंच असतं म्हणे.

त्यात भर म्हणजे पुढच्या संशोधनासाठी विभागात त्या वर्षी एकच जागा होती. ज्याचा प्रकल्प उत्तम, त्याला ती मिळणार होती. बाकीच्यांनी पदवी घ्यायची आणि नोकरी बघायची. मौनीला ती जागा हवी होती. तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं, पण मला हातात धरायची तेव्हा तिची बोटं गार असायची. त्यावरून मी ओळखलं.

नेमकं तेव्हाच प्रयोगशाळेत नवी वायरिंग करायचं निघालं आणि महिनाभर कुलूप लागलं. सरांनी सामान घरी न्यायला परवानगी दिली. मौनीने रजिस्टरवर सही केली आणि यांत्रिक हात, कॅमेरा व आम्ही तिघं, असं सगळं एका कापडी पिशवीत घालून ती सासरी निघाली. मी पहिल्यांदाच कोणाचं घर बघणार होतो.

घर दोन खोल्यांचं होतं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. बोलका माणूस. सासूबाई शस्त्रक्रियेच्या खोलीत एकतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती तरी शेजारीपाजारी त्यांना अजून ‘सिस्टर’च म्हणायचे. त्यांच्या घरात कात्री, नेलकटर, सुई-दोरा सगळं एका स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीने असायचं, टोकं एका दिशेला.

एक बोलका मुलगा आणि दोन अबोल बायका. मुलगा दुकानात गेला की त्या घरात फक्त घड्याळ बोलायचं. भांडण नव्हतं. तसं बघितलं तर माया होती. सिस्टर न सांगता सुनेचा डबा भरून ठेवायच्या, सून न सांगता त्यांच्या गोळ्या आणून ठेवायची. पण ‘हवंय का’ आणि ‘नको’ हे दोन शब्द त्या घरात कोणी कोणाला म्हणत नव्हतं. दोघींनाही वाटायचं, विचारलं तर समोरचीला वाईट वाटेल.

बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर आमचा संसार मांडला गेला. पहिल्या दिवशी मौनी समोर बसली आणि सगळं सुरळीत झालं. हाताने आम्हाला अलगद उचललं, बरोबर रचलं. ती गालात हसली.

तिचं यंत्र विचार करायला फार वेळ घ्यायचं. सात-आठ मिनिटं तर सहज. दुसऱ्या दिवसापासून ती बटण दाबून आत जायला लागली, कपडे वाळत घालायला, नाहीतर भाजी चिरायला. आणि त्या सात-आठ मिनिटांत सिस्टर फडकं घेऊन बाहेर यायच्या.

त्या यांत्रिक हाताला शिवत नसत. दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नाही, ही त्यांची शिस्त. पण आम्ही म्हणजे लाकडी खेळणी. त्या आम्हाला उचलायच्या, टेबल पुसायच्या, आम्हालाही पुसायच्या आणि भिंतीकडेला एका रांगेत ठेवायच्या. लाल, निळा, पिवळा. कडेला कड लावून. मग आत जायच्या.

थोड्या वेळाने यंत्राचं नियोजन पूर्ण व्हायचं आणि हात उठायचा. मी जिथे होतो तिथली हवा चिमटीत धरायचा, ती निळ्याच्या जागी असलेल्या हवेवर ठेवायचा. मी भिंतीकडेने बघत असायचो. लाकडाला तोंड नसतं याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मौनी बाहेर येऊन बघायची. ठोकळे भलतीकडेच. तिची समजूत अशी, की हातानेच ते तिकडे नेऊन ठेवले. “चुकीच्याच जागी ठेवतंय,” ती एकदा नवऱ्याला म्हणाली, “पण किती नीट ठेवतंय बघ.”

नवरा वाकून बघायला लागला. “तुझ्या मशीनला नंबर लागलाय. घेऊन ये दुकानात, तपासून देतो.”

“मी समोर असले की बरोबर चालतं.”

“मग घाबरत असेल तुला.”

तिला हसू आलं नाही. पहिल्या पानावर तिनेच लिहिलं होतं ना, की या जगात दुसरा कोणाचा हात नाही. मग चूक यंत्राची, म्हणजे तिची. तिने लिहिलेलं सगळं खोडून पुन्हा लिहिलं. मग तेही खोडलं. बारा दिवस असे गेले. ती जेवताना बोटांनी ताटाच्या कडेला ठोकळे रचायची. सिस्टरना दिसत होतं की पोरगी सुकत चालली आहे. त्यांनी त्यावर त्यांना सुचेल तो उपाय केला. दिवसातून एकदाऐवजी दोनदा टेबल आवरायला लागल्या. त्यांना वाटलं, तेवढाच तिला हातभार.

तेराव्या दिवशी हवा पकडायला गेलेल्या त्या हाताचा धक्का मला लागला आणि मी जमिनीवर आपटलो. कोपऱ्याचा टवका उडाला. मौनी बटण दाबून बाहेर गेली होती. सिस्टरनी मला उचललं, उजेडात धरलं आणि आत घेऊन गेल्या.

मौनी घरी आली ती एक चिठ्ठी लिहूनच. ‘माझा प्रकल्प मागे घ्यावा, ही विनंती.’ दुसऱ्या दिवशी सरांना द्यायची होती. तिने सामान पिशवीत भरलं. हात, कॅमेरा, निळा, पिवळा. मी नव्हतो. तिने टेबलाखाली बघितलं, पलंगाखाली बघितलं. रजिस्टरवर सही केली होती तीन ठोकळ्यांची, दोन कसे परत करणार?

मी आतल्या ट्रेमध्ये होतो. तिथून मला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. ती दारात येऊन उभी राहिली. परत गेली. पुन्हा आली. अंगठी फिरवत राहिली. सिस्टर ओट्याकडे तोंड करून चहा गाळत होत्या.

“आई.”

“काय गं?”

“लाल ठोकळा… तुम्ही बघितलात का?”

“हा काय इथे.” सिस्टरनी मला ट्रेमधून उचलून दिलं. “लागलंय त्याला. पट्टी लावली.”

खरंच लावली होती. कोपऱ्यावर पांढरी चिकटपट्टी, कडा व्यवस्थित दुमडून. मौनी माझ्याकडे बघत राहिली.

“आई, तुम्ही हे… कधी उचलता का टेबलावरचे?”

“कधी म्हणजे? रोज उचलते. तू पसारा टाकून आत जातेस, मी लावून ठेवते.” सिस्टरच्या हातातली गाळणी थांबली. “का? नको लावू?”

मौनी तिथेच जमिनीवर बसली. तिचे खांदे हलायला लागले. सिस्टर घाबरून खाली वाकल्या, तर सून हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होती. लग्नाला जवळजवळ वर्ष झालं होतं, आणि तिचं हसणं त्या घराने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग तिने सगळं सांगितलं. सिस्टर पाटावर बसून, चहा निववत ऐकत होत्या. लाजल्याही थोड्या.

“मग सांगायचं नाही का मला? बारा दिवस?”

“मला वाटलं मशीनचं चुकतंय.”

“अगं पण त्या मशीनला कळलं नाही, ठोकळे जागेवर नाहीत ते?”

“ते सुरुवातीला एकदाच बघतं. पुढचं सगळं ठरलेलं असतं.”

“एकदाच?” सिस्टरनी कप खाली ठेवला. “आम्ही पोट उघडायच्या आधी कापसाचे बोळे मोजायचो. शिवायच्या आधी परत मोजायचो. एक जरी कमी आला तर डॉक्टर कितीही ओरडोत, पोट शिवू द्यायचं नाही.”

“मग काय करायचात?”

“मोठ्याने विचारायचं. एक कमी आहे, कुणाकडे आहे? लाजायचं नाही. तिथे आपण लाजलो की माणूस मरतं.”

मौनीने मला हातात फिरवलं. मग म्हणाली, “आणि घरी?”

“घरी काय?”

“घरी तुम्ही काहीच विचारत नाही मला.”

सिस्टरनी कप पुन्हा उचलला. “तू शिकलेली. म्हटलं, आपण कशाला मधे मधे करायचं.” मग त्यांनी विचारलं, “चहात साखर कमी घालू का तुला? रोज अर्धा कप तसाच टाकतेस.”

“हो आई. कमी घाला.”

ती चिठ्ठी मौनीने फाडली. प्रकल्पाच्या पहिल्या पानावरचं ते वाक्यही खोडलं. सादरीकरणाला अकरा दिवस उरले होते. तेवढ्यात तिने यंत्राला तीन गोष्टी शिकवल्या. प्रत्येक टप्प्याआधी बघ. वाटलं होतं तसं दिसत नसेल तर हट्ट सोड, पुन्हा विचार कर. आणि एखादा ठोकळा सापडलाच नाही, तर समोरच्या माणसांना विचार.

परीक्षा घ्यायला सिस्टर होत्याच. आधी संकोचाने, मग त्यांना गोडी लागली. यंत्राचं लक्ष नसताना त्या मला सरकवायच्या, उलटा करायच्या, एकदा तर डाळीच्या डब्यात घातलं. नवरा म्हणाला, “दोघी मिळून बिचाऱ्याला छळताय. मी असतो तर पळून गेलो असतो.”

“तू कुठे पळतोस,” सिस्टर म्हणाल्या. “तुला जागचं हलवायचं तर दोन हात लागतात.”

सादरीकरण सकाळी, विभागाच्या सभागृहात होतं. बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. कोटाचे खिसे मोठे, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही अशा. आधी सुपरफास्ट. त्याचे ठोकळे आठ, त्याचा हात सरसर चालायचा, बघणाऱ्याचं भान हरपावं असा. मधेच परीक्षक बाईंनी एक ठोकळा बोटाने जरासा बाजूला सारला. हात थांबला नाही. त्याने हवा उचलली, हवेवर हवा रचली आणि शेवटी पडद्यावर झोकात लिहिलं, ‘काम पूर्ण.’ कोणीतरी हसलं. सुपरफास्टचा चेहरा पडला. मला त्याची दया आली. हवेवर हवा रचली जाताना मी बारा दिवस बघितली होती.

मग मौनी. “जरा मोठ्याने बोला,” बाई म्हणाल्या. तिच्या यांत्रिक हाताने पिवळा उतरवला. थांबला. निळा पिवळ्यावर ठेवला. थांबला.

“हे सारखं थांबतं का?”

“बघतंय,” मौनी म्हणाली.

“फार हळू आहे.”

“हो.”

पुढच्या क्षणी मला कोणीतरी उचललं आणि अंधार झाला. मी परीक्षक बाईंच्या खिशात होतो. तिथे एक रुमाल होता आणि गोळीचा चुरगळलेला कागद. बाहेर इतकी शांतता होती की बाईंचं घड्याळ ऐकू येत होतं. मला वाटलं, झालं. एवढ्या वर्षांत मी नुसता ठोकळा होतो, आणि नेमका आज मी कोणाच्यातरी आयुष्याच्या आड आलो.

मग बाईंचाच आवाज आला. पडद्यावरचं त्या मोठ्याने वाचत होत्या. “‘लाल ठोकळा दिसत नाही. कुणाकडे आहे?’”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. “आणि मी सांगितलंच नाही तर?”

 मला खिशातून तिची अंगठी दिसत नव्हती, पण ती फिरत असणार.

“तर ते थांबेल,” ती म्हणाली.

“किती वेळ?”

“मिळेपर्यंत.” आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, “तोवर पोट शिवू द्यायचं नाही.”

“काय म्हणालात?”

तेव्हा त्या अबोल मुलीने सगळ्या सभागृहासमोर, अगदी मोठ्याने, सासूबाईंच्या बोळ्यांची गोष्ट सांगितली. बारा दिवसांची फजितीही सांगितली. सरांचं दबकं हसू मला खिशात ऐकू आलं. शेवटी ती म्हणाली, “मी गृहीत धरलं होतं की त्या टेबलाला दुसरं कोणी हात लावत नाही. पण टेबल घरात होतं. घरात माणसं असतात.”

बाईंनी मला बाहेर काढलं, पट्टीवरून एकदा बोट फिरवलं, आणि टेबलाच्या अगदी दुसऱ्या टोकाला ठेवलं. हाताने बघितलं. विचार केला. चांगली चाळीस सेकंदं केला. मग लांबून येऊन मला अलगद धरलं आणि निळ्यावर ठेवलं.

निकाल आठवड्याने लागला. तो दिवस मी बघितला नाही, मी विभागाच्या कपाटात होतो. नंतर मौनीने सरांना सांगितलं ते ऐकलं. ती घरी पोचली तेव्हा सिस्टर दारातच उभ्या होत्या, आणि चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं, “मिळाली का जागा?” ती म्हणाली, “मिळाली.” त्या म्हणाल्या, “बरं झालं,” आणि गॅस बारीक करायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

त्यानंतर विभागात नवे ठोकळे आले. प्लास्टिकचे, अंगावर काळ्या-पांढऱ्या चौकड्या, यंत्राला लांबून ओळखू यावेत असे. आम्हा तिघांची नावं बाद सामानाच्या यादीत चढली. आम्ही भंगाराच्या खोक्यात पडणार, तेवढ्यात मौनी सरांकडे गेली आणि म्हणाली, “सर, हे मी नेऊ का?” ती असं विचारू शकते, याचं आता विभागात कोणाला नवल वाटत नाही.

तर आता मी इथे आहे, खिडकीजवळच्या टेबलावर. ती नवं काहीतरी लिहीत असते, एका खोलीत दोन यंत्रं असली तर त्यांनी एकमेकांना कधी आणि काय विचारावं, असं काहीसं. कळत नाही मला फारसं. रंग उडालाय माझा. कोणी मला रचत नाही. पण तुमच्या घरी टेबलावर कोणाचं काही अर्धवट मांडलेलं दिसलं, तर माझ्यासाठी एवढं करा. आवरायच्या आधी आतल्या खोलीत एक हाक मारा.

सिस्टर रोज फडकं घेऊन येतात. मला हात लावायच्या आधी आत तोंड करून म्हणतात, “लाल उचलतेय गं.”

आतून आवाज येतो, “उचला, आई.”